खुंटीवरचा दोर

फार पूर्वी, म्हणजे नक्की कधी ते मलाही कुणी सांगितलेलं नाही, डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावाच्या डोक्यावर उभा काळा कडा आणि त्या कड्याला जागोजागी आग्या मोहोळं लटकलेली. शेती होती ती पोटापुरती. पंचक्रोशीत गावाचं नाव होतं ते मधासाठी.

हा मध काढायचा म्हणजे एकानं कमरेला दोर बांधून कड्याखाली उतरायचं आणि दुसऱ्यानं वर दोर धरायचा. दोराचा एक वेढा माथ्यावरच्या अंजनाच्या झाडाच्या बुंध्याला आणि पुढचा दोर माणसाच्या हातात. सरळ झाडालाच गाठ मारून मोकळं का होत नाहीत, असं लहान मुलं विचारायची. पण गाठ मारलेला दोर ढील देत नाही आणि वेळ आली तर ओढूनही घेत नाही. त्याला माणूसच लागतो.

आता हा माणूस कुणी असावा, याचा गावात पक्का रिवाज होता. उतरणाऱ्याच्या बायकोचा भाऊ, दुसरा कुणी नाही. सख्खा भाऊ का नको? कारण सख्ख्या भावाभावांत शेताचा बांध असतो, आणि बांधावरून काय काय होतं ते गावानं पुरेसं पाहिलं होतं. बायकोचा भाऊ निदान आपल्या बहिणीचं कुंकू तरी जपेल, असा जुन्या माणसांचा विचार.

जुनी माणसं तेवढ्यावर थांबली नव्हती. दोर राहायचा उतरणाऱ्याच्या घरी, खुंटीवर, त्याच्या बायकोच्या ताब्यात. मध काढायच्या दिवशी भाऊ सकाळी बहिणीच्या दारी यायचा. ती त्याला बसवायची, तांब्याभर पाणी द्यायची. दोर मांडीवर घेऊन ती त्याला तीन गोष्टी विचारायची. झोप झाली का? पोटात अन्न आहे का? आणि मनात कुणाबद्दल काही आहे का? तिन्हींची उत्तरं ठीक आली तर दोर भावाच्या हातात. एक जरी चुकलं तरी दोर परत खुंटीला. त्यात कुणाला कमीपणा नव्हता. बहीण म्हणायची, "मोहोळ काय पळून जातंय व्हय?" आणि भाऊ घरी जाऊन झोपायचा.

हे झालं पूर्वीचं. आमची गोष्ट घडली तोवर या विचारण्याचं तेच झालं होतं, जे आपल्याकडे 'काय, बरं आहे ना?' याचं झालंय. विचारणारी विचारायची कढईकडे बघत आणि उत्तर देणारा उंबऱ्यातूनच "व्हय, व्हय, काय न्हाई" म्हणत हात पुढे करायचा. कित्येक वर्षांत एकाही घरचा दोर परत खुंटीला गेलेला नव्हता. गावाला त्याचा अभिमान वाटायचा, हे आणखी विशेष.

त्या गावात सोमा नावाचा एक माणूस होता. सोमाची थोरली बहीण येसू, तिचा नवरा हैबती. हैबती म्हणजे कड्यावर उतरणाऱ्यांतला सगळ्यांत सराईत गडी. आणि सोमाची बायको ठकू ही या हैबतीचीच धाकटी बहीण. साटंलोटं झालेलं होतं. त्यामुळे दोघं एकमेकांचे मेहुणे, दोन घरांत एकच सुखदुःख. हैबती उतरायचा आणि सोमा त्याचा दोर धरायचा.

सोमा वाईट नव्हता. उलट गावात कुणाचंही काही अडलं की तोच पहिला धावायचा. कुणाचं छप्पर शाकारायचं असो, कुणाची म्हैस अडली असो, सोमा हजर. पण त्याला बसता यायचं नाही. पायाला भिंगरी बांधल्यासारखा तो दिवसभर फिरायचा. भाकरी खायची ती उभ्यानं, एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात विळा. पाणी प्यायचं ते चालताना, निम्मं सदऱ्यावर. अंथरुणावर पडला की गोठ्याची कडी लावली का, हे आठवायचं. कडी बघून आला की उद्याच्या कुंपणाचं आठवायचं. ठकू कूस बदलून म्हणायची, "अवं, कुंपण हितं न्हाई आणायचं. डोळं मिटा." तो डोळे मिटायचा आणि आत कुंपण घालत राहायचा.

"दोन घास बसून खावा की," ती रोज म्हणायची.

"बसलो तर कामं कोण करंल?" तो रोज म्हणायचा आणि निघायचा.

त्या वर्षी कड्याखालच्या देवीची जत्रा जवळ आली. जत्रेला पहिला मध देवीला जायचा, आणि तो हैबतीनं काढलेला असायचा. तर जत्रेच्या तयारीला माणसं पारावर बसली असताना हैबती सहज बोलून गेला, "औंदा सोमाच्या मागं लई कामं हायती. डोळं बघा त्याचं, कसं ओढल्यात. येसूचा चुलतभाऊ हाय की, त्यानं दोर धरला तरी चालंल."

बोलणं काळजीचं होतं. पण पारावर कुणीतरी हसलं. बस्स. सोमाच्या डोक्यात ते हसणं जाऊन बसलं. सगळ्या गावासमोर आपला दोर काढून घ्यायला निघाले दाजी! दोर काढून घेणं म्हणजे, हा आता भरवशाचा राहिला नाही, असं दवंडी पिटून सांगणं. सोमा कडाडला, "माझ्या आक्काच्या नवऱ्याचा दोर मीच धरणार. दुसऱ्यानं हात लावून बघावा!" हैबतीनं मान डोलावली आणि तो विषय संपला. हैबतीपुरता संपला.

सोमापुरता तो तिथं सुरू झाला. खुरपताना, नांगरताना, गुरांना पाणी दाखवताना तो मनातल्या मनात हैबतीशी भांडायचा. स्वतःची वाक्यं घासूनपुसून लख्ख करायचा आणि हैबतीच्या तोंडी मुद्दाम लुळी उत्तरं द्यायचा. त्या भांडणात तो रोज जिंकायचा आणि रोज आणखी चिडायचा. जत्रेच्या आधीच्या रात्री त्याला डोळाही लागला नाही. पहाटे ठकूनं गरम आंबील पुढं केली. एक घोट घेऊन त्यानं वाटी खाली ठेवली.

"आज दोर नका धरू," ठकू म्हणाली. "माझा भाऊ लटकणार हाय खाली."

"म्हणजे तू पण त्यातलीच!" सोमा म्हणाला आणि तरातरा निघाला.

येसूच्या घरी पाहुण्यांची गर्दी होती. चुलीवर पुरण शिजत होतं. तिनं दोर काढला, मांडीवर घेतला, सोमाला पाणी दिलं. तो पाटाच्या कडेला टेकला, पण त्याचा गुडघा एकसारखा हलत होता.

"झोप झाली, सोमा?"

"झाली."

"पोटात काय?"

"आंबील."

"मनात कुणाचं काय?"

"मनात काय असायचं? दे आक्का, ऊन चढतंय."

येसूनं क्षणभर त्याच्या हलत्या गुडघ्याकडे पाहिलं. तेवढ्यात आतून कुणीतरी ओरडलं, पुरण लागतंय. तिनं दोर त्याच्या हातात दिला आणि चुलीकडे धावली.

खोटं बोलायचं म्हणून सोमा खोटं बोलला, असंही म्हणता येत नाही. आज 'नाही' म्हटलं असतं तर हैबतीचं खरं ठरलं असतं. त्याला एवढंच दिसत होतं. दोराच्या टोकाला कोण असणार, हे त्या घाईत त्याच्या ध्यानातही आलं नाही.

कड्याच्या माथ्यावर ते दोघंच गेले. गलक्यानं माश्या उठतात म्हणून बाकीची माणसं मागं पठारावर थांबायची. हैबतीनं ओल्या पाल्याची चूड धुपवली, पाठीला परडी लावली, दोराला वाकून हात जोडले. "सावकाश सोड," तो म्हणाला. सोमानं त्याच्याकडे न बघता बुंध्यावरचा वेढा आवळला. हैबती कड्याच्या काठावरून दिसेनासा झाला.

सोमा दोर सोडू लागला. हातानं दोर आणि मनानं भांडण, दोन्ही कामं सुरू. पारावर हसलेला माणूस आठवला, त्यालाही दोन शब्द सुनावले. मग दोर थांबला. हैबती मोहोळापाशी पोहोचला होता. आता नुसतं धरून उभं राहायचं होतं, आणि सोमाला तेवढंच कधी जमलेलं नव्हतं. त्यानं एक पाय बदलला, दुसरा बदलला. मानेवर ऊन आलं. पोट रिकामं होतं. खालून माश्यांची एकसुरी गुणगुण येत होती. रात्रभर न आलेली झोप नेमकी तिथं आली. फार नाही, पापणी मिटून उघडण्याएवढीच.

पण दोर तेवढ्यात सुटला.

तो हातांतून सरसरत निघाला तसा सोमा जागा झाला आणि त्यानं जीव खाऊन मुठी आवळल्या. तळव्यांची सालटी निघाली. अंजनाच्या बुंध्यावरून धूर निघावा तसा दोर घासला, आणि हिसका बसून थांबला. खालून काहीतरी दगडावर आपटल्याचा आवाज आला. मग माश्यांचा सूर बदलला.

"दाजी!"

उत्तर नाही. सोमाला काठापर्यंत धावत जाऊन खाली बघायचं होतं. पठारावर धावत जाऊन माणसं आणायची होती. आक्काकडे जायचं होतं, ठकूकडे जायचं होतं, कुठंही जायचं होतं. आणि जागचं हलता येत नव्हतं, कारण हलला असता तर दोर गेला असता. रक्ताळलेल्या मुठींत दोर घेऊन तो तिथंच उभा राहिला आणि गळा फाटेस्तोवर हाका मारत राहिला. माणसं धावत आली. सगळ्यांनी मिळून हैबतीला वर घेतलं.

हैबती जिवंत होता. तोंड माश्यांनी सुजून एक डोळा पार मिटला होता आणि उजवा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता.

"काय झालं रं?" सगळे विचारू लागले.

"दंव पडलं होतं," सोमा म्हणाला. "दोर ओला होता. सुटला."

लोकांनी त्याचे सोललेले हात पाहिले आणि त्याची पाठ थोपटली. दुसरा असता तर सोडून दिला असता दोर, म्हणाले. हैबतीनं उघड्या राहिलेल्या एका डोळ्यानं सोमाकडे पाहिलं. तो काहीच बोलला नाही.

हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला. पाय जुळला, पण वाकडा जुळला. आता हैबती काठी घेऊन चालणार आणि कडा त्याला कायमचा बंद झाला, हे कळलं त्या दिवशी येसू चुलीपाशी बसून खूप रडली. सोमाचे हात बरे झाले. आतून मात्र तो बरा झाला नाही.

वर्षभर त्यानं स्वतःच्या शेताबरोबर हैबतीचंही शेत ओढलं. पेरणी केली, खुरपणी केली, जळणाचे भारे आणून टाकले. लोक म्हणायचे, मेहुणा असावा तर असा. हैबती ओसरीवर पाय लांब करून बसलेला असायचा. सोमा अंगणात भारा टाकायचा, "बरं हाय न्हवं, दाजी?" असं भाऱ्याकडे बघत विचारायचा आणि उत्तर यायच्या आत फाटकाबाहेर पडायचा. हैबती म्हणायचा, "बस की जरा." सोमा म्हणायचा, "म्हशीचं पाणी ऱ्हायलंय."

म्हशीचं पाणी झालेलं असायचं. सोमाला त्या ओसरीवर बसायची भीती वाटायची. बसलं तर शांत होईल, शांत झालं तर तो खालचा आवाज पुन्हा ऐकू येईल. म्हणून तो आणखी धावायचा. रात्री दचकून उठायचा, मुठी आवळलेल्या असायच्या. जेवण निम्मं टाकून उठायचा. ठकू सगळं बघत होती. तिनं एकदा विचारलं, "काय खातंय तुमाला?" तो म्हणाला, "काय न्हाई." या दोन शब्दांवर त्याचं सगळं घर चाललं होतं.

फिरून जत्रा आली. देवीचा मध कुणी काढायचा? हैबती उतरायचा त्या बाजूची वाट त्याच्यानंतर ठाऊक असलेला सोमाच होता. आणि सोमा उतरणार म्हटल्यावर दोर कुणाचा? रिवाजानं तो ठकूच्या भावाचा, म्हणजे हैबतीचाच. "दोर धरायला पाय कशाला लागतोय?" हैबती पारावर म्हणाला. "बुंध्याला पाठ लावून बसंन. हात शाबूत हायती माझं." पंचांना ते पटलं. सोमा नको म्हणू शकला नाही. काय सांगून नको म्हणणार?

तसा दोर येसूच्या घरून ठकूच्या घरी आला आणि तिथल्या खुंटीला लागला.

जत्रेच्या सकाळी हैबती सगळ्यांच्या आधी आला. काठी भिंतीला टेकवून तो पाटावर जमेल तशी मांडी घालून बसला. अंगणात देवीचा पुजारी, हलगीवाले, पंच असे बरेच लोक खोळंबले होते. सोमा परडी पाठीला लावून दारात उभा होता, एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. लवकर उरकावं, एवढंच त्याला वाटत होतं. ठकूनं भावाला पाणी दिलं. तो ते घोट घोट प्याला. सगळा तांब्या संपवला आणि खाली ठेवला.

"झोप झाली, दादा?" ठकूनं विचारलं. ती कढईकडे बघत नव्हती. दोर पोटाशी धरून ती भावाच्या तोंडाकडे बघत होती.

"झाली. तुझी वहिनी म्हणाली, रातभर घोरत होतो मी."

"जेवलास?"

"नाचणीची भाकरी आन दूध. बसून खाल्लं."

"मनात कुणाचं काय?"

अंगणातल्या हलगीवाल्यानं हलगी शेकायला घेतली होती, तो थांबला. हैबती आपल्या तळहातांकडे बघत होता.

"हाय," तो म्हणाला.

ठकूचा हात दोरावर घट्ट झाला.

"सोमाबद्दल हाय. राग हाय. काल वाटलं होतं, गेला असंल. सकाळी उठून आत बघितलं, तर हाय." त्यानं मान वर केली. "दोर मुद्दाम सोडीन असं न्हाई, ठकू. तुझं कुंकू हाय त्याच्यात. पर अडीनडीला हात माझं ऐकायच्या आदी मनाचं ऐकंल, आन मन आज धड न्हाई. खुंटीला लाव दोर."

अंगणात गलका झाला. "अरं पर देवीचा मध!" पुजारी म्हणाला. "आज जत्रा हाय, हैबती! हे काय इचारायचं म्हणून इचारत्यात. 'न्हाई' म्हणून मोकळं व्हायचं!"

"मग इचारता कशाला?" हैबती म्हणाला.

ठकू उठली. सगळ्यांच्या देखत तिनं दोर खुंटीला अडकवला आणि त्याच्यापुढं पाठ करून उभी राहिली. "मोहोळ काय पळून जातंय व्हय?" ती म्हणाली. ती तिथून हलली नाही. लोक थोडा वेळ कुरकुरले. पुजाऱ्यानं देवीला गूळ दाखवायचं ठरवलं. मग एकेक करून सगळे पांगले.

सोमा दारातच उभा होता. पहिल्यांदा त्याला लाज वाटली, मग राग आला, आणि मग एकाएकी त्याला समजलं की आज आपला जीव वाचला. हा माणूस 'न्हाई' म्हणून मोकळा झाला असता तर कुणाला कळलं असतं? कुणालाच नाही. दोर सुटला असता तरी लोक म्हणाले असते, दंव पडलं होतं. ज्याचा पाय आपण मोडला, त्यानं आपल्याला जे खरं उत्तर दिलं ते आपण त्याला दिलं नव्हतं.

सोमानं परडी उतरवली आणि तो हैबतीसमोर जमिनीवर बसला. गुडघा हलायला लागला. त्यानं त्यावर हात दाबून धरला.

"दाजी," तो म्हणाला, "दंव न्हवतं पडलं."

मग तो एका दमात सांगत गेला.

"आदल्या रात्री मी झोपलो न्हवतो. पोटात एक घोट आंबील होती. आन मनात तुमी होता. पारावर बोललात त्याचा राग होता. आक्कानं तिन्ही इचारलं, मी तिन्ही खोटं सांगितलं. दोर धरून डुलकी लागली मला." एवढं बोलून सोमा लहान पोरासारखा रडायला लागला. "तुमचा पाय मी मोडला."

"ठावं हाय," हैबती म्हणाला.

सोमानं वर पाहिलं. "ठावं हाय?"

"दोराच्या टोकाला मी होतो, सोमा. ओला दोर आन सुटलेला दोर मला कळत न्हाई व्हय?"

"मग वरीसभर बोलला का न्हाई?"

"तू बसलास कुठं?" हैबती म्हणाला.

सोमाचा हात गुडघ्यावरून खाली आला.

"पायाचा राग कवाच गेला," हैबती म्हणाला. "माणूस हाय, डुलकी लागती. पर तू रोज यायचास, उभ्या उभ्या भारा टाकायचास आन पळायचास. मी ओसरीवर वाट बघायचो, आज बसंल, आज बोलंल. तुझं भारं मोजून चूल पेटली आमची, पर मला भारा नको होता. त्याचा राग हाय बघ. आजबी हाय."

ठकूनं दोघांपुढे ताटं ठेवली. येसूही तोवर येऊन दाराशी उभी राहिली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आत आली आणि सोमाच्या शेजारी बसली. "मी बी चुकले," ती म्हणाली. "इचारलं, पर उत्तर ऐकलंच न्हाई. पुरणाकडं ध्यान होतं."

सोमानं भाकरीचा तुकडा मोडला. बसून. पहिला घास खाली गेला. दुसरा गेला, तिसरा गेला. जेवून त्यानं पाणी प्यायलं, तेही संपूर्ण तांब्याभर, आणि भिंतीला पाठ टेकली. म्हशीला वैरण घालायची राहिली होती आणि या खेपेला ती खरोखरच राहिली होती. तो उठायला गेला, पण उठवेना. तिथंच, भर दिवसा, सगळ्यांच्या देखत त्याला झोप लागली. मुठी हळूहळू उघडल्या. येसूनं त्याच्या डोक्याखाली घोंगडी सरकवली आणि ठकू वैरण घालायला गेली.

आता तुम्हाला वाटेल, दुसऱ्या दिवशी दोर निघाला आणि देवीला मध मिळाला. नाही निघाला. दुसऱ्या दिवशी ठकूनं विचारलं तेव्हा हैबती म्हणाला, "हाय अजून. पर कालच्यापरीस कमी." पुजाऱ्यानं कपाळावर हात मारला. दोर पुन्हा खुंटीला गेला. सोमा त्या संध्याकाळी आपण होऊन हैबतीच्या ओसरीवर गेला आणि बसला. काय बोलावं ते दोघांनाही सुचेना, म्हणून दोघं गप्प बसले. सोमाचा गुडघा बराच वेळ हलत होता, मग थांबला. दुसऱ्या संध्याकाळी दोघं बोलले. तिच्या पुढच्या संध्याकाळी भांडलेसुद्धा, पण या वेळी हैबतीची उत्तरं हैबतीनंच दिली आणि ती काही लुळी नव्हती. सोमा हरला आणि घरी जाऊन गाढ झोपला.

मग एका सकाळी ठकूनं तिसरं विचारलं आणि हैबती थोडा वेळ स्वतःच्या आत बघून म्हणाला, "न्हाई. काय सुदिक न्हाई. दे दोर."

सोमा कड्याखाली उतरला. भोवती माश्यांची गुणगुण, पायाखाली खोल दरी. त्याला वाटलं होतं की फार भीती वाटेल. पण कमरेचा दोर ताठ होता, त्याला जराही कंप नव्हता. वर बुंध्याला पाठ लावून त्याचा मेहुणा बसला होता, पोटभर जेवलेला, रात्रभर झोपलेला आणि कुणावरही राग नसलेला. सोमानं सावकाश मोहोळ कापलं. माश्यांचा वाटा मागं ठेवला. देवीला मध उशिरा मिळाला, आणि देवीनं त्याबद्दल काही कुरकुर केल्याचं ऐकिवात नाही.

त्या वर्षापासून गावात पुष्कळांचे दोर खुंटीला परत जायला लागले. कुणी म्हणायचा रात्री पोर रडत होतं, कुणी म्हणायचा सकाळीच बायकोशी वाजलं. गावातला मध थोडा कमी झाला. धडधाकट पायांनी घरी परतणारी माणसं मात्र वाढली.

तात्पर्य काढायचंच असेल तर एवढं काढा: झोप, जेवण आणि मन यांची रोज बसून विचारपूस करावी आणि उत्तर खरं द्यावं, कारण आपल्या हातातला दोर आपल्याला दिसतो, पण त्याच्या टोकाला कोण लटकलंय ते वरून दिसत नाही.